एकच जिनिंग, दोन भावांचे कान

कापसाचा हंगाम आला की आमच्या तिवसा भागात जिनिंगची यंत्रे धडधडू लागतात. आमचे मोठे अब्बा आणि चाचा अशाच एका जिनिंगमध्ये वीस वर्षे शेजारी-शेजारी राबले. आज मोठ्या अब्बांना घरातली कुजबुजही कळते. चाचांना मात्र फजरची अजान ऐकू येत नाही. नातवाला दोनदा सलाम करावा लागतो. "यांचं लक्षच नसतं," असे आम्ही घरचेच म्हणत आलो. ती आमची चूक होती.

कानाच्या आत शंखासारख्या भागात सुमारे 15 हजार केशपेशी असतात. त्याच आवाज टिपून मेंदूकडे धाडतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, मग मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. या पेशींचे काम पोटॅशियमच्या ये-जा करण्यावर चालते आणि ती काही जनुके सांभाळतात. स्वीडन व पोलंडमधील कामगारांच्या अभ्यासात केसीएनई1 आणि केसीएनक्यू4 या जनुकांतील फरकांचा आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाशी संबंध दिसला. म्हणजे एकाच गोंगाटात एकाचा कान टिकतो, दुसऱ्याचा जातो. सख्ख्या भावांतही जनुके सगळी सारखी नसतात.

आईकडून येणारा एक वेगळा दोषही आहे. तो असेल तर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारख्या इंजेक्शनांनी ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. आजोळी असे कोणाला झाले असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

कोणाचा कान नाजूक, हे आधी खात्रीने सांगणारी चाचणी नाही. म्हणून जपायचे सगळ्यांनीच. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात जेमतेम 15 मिनिटे, आणि लग्नातला डीजे त्याहूनही पुढे जातो. कापूस आपल्याकडे भरपूर, पण कानात त्याचा बोळा घालून भागत नाही; फोमचे इअरप्लग किंवा इअरमफच हवेत. कामावरून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तपासणी करून घ्यावी.

यंदा चाचांचा मुलगा जिनिंगवर लागला. चाचींनी त्याच्या डब्यासोबत इअरप्लगची डबीही दिली. आणि आम्ही? आता चाचांशी समोर बसून, सावकाश बोलतो.