काळी चिमणी आणि दगड

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीत केवळ गाणाऱ्या, निरुपद्रवी पक्ष्याला मारणे पाप मानले आहे. वर्णद्वेषाचा निरपराध बळी म्हणजे तो पक्षी. आणि निरागसपण गमावते ती हे सारे पाहणारी गोरी मुलगी, स्काउट. हा पक्षी आठवला की मला नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तली (२०१३) काळी चिमणी आठवते. इथे पाहणारा आणि सोसणारा एकच : कैकाडी समाजातला जब्या. चिमणीची राख टाकली की शालू आपली होईल, या आशेने तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. चिमणी म्हणजे त्याच्यापुरती जातीतून सुटका. ती हाती लागत नाही. पकडावे लागते डुक्कर, तेही शाळासोबत्यांच्या देखत. ते वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई दिसतात. आमच्या जालना जिल्ह्यातही शाळांच्या भिंतींवर अशी चित्रे आहेत. म्हणूनच ते दृश्य मला परके वाटत नाही. चिमणीमागे धावणारा दगड जब्या शेवटी थेट आपल्याकडे भिरकावतो. मॉकिंगबर्डसाठी हळहळून आपण मोकळे होऊ शकतो. जब्याचा दगड ती सवलत देत नाही. तो कुठे लागला, हे ज्याचे त्याने चाचपून पाहायचे.