इंग्रजीचा तास : गोष्ट आणि मुद्दा

आम्ही बँकेत कारकून. काउंटरवर रोज इंग्रजी अर्ज आमच्या हाताखालून जातात. त्यांत आपल्या पदवीधर मुलांचेही असतात. व्याकरण फारसे चुकलेले नसते. पण कर्ज कशासाठी हवे आणि ते फेडणार कसे, हे शोधूनही सापडत नाही. 'काइंडली डू द नीडफुल' एवढेच ठळक दिसते. अडचण खरी असते, पण कागद ती बोलत नाही. अर्ज परत गेला की मुलाला वाटते, आपले इंग्रजी कच्चे. आमच्या मते कच्चे असते ते मुद्दा मांडणे. ते इंग्रजीच्या तासाला कसे शिकवावे, याचा थोडा विचार येथे करू.

मुद्दा मांडणे म्हणजे भांडणे नव्हे आणि भारदस्त शब्दांची आरासही नव्हे. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी १९५८ साली युक्तिवादाची फोड करून दाखवली. आधी विधान, मग त्याचा पुरावा आणि त्या पुराव्यावरून ते विधान कसे निघते हे सांगणारा दुवा. शिवाय समोरच्याचा आक्षेप लक्षात घ्यायचा. आपली मुले विधान करतात, कधी पुरावाही देतात. दुवा मात्र राहून जातो. गाइडमधला निबंध पाठ केल्याने तो येत नाही.

मग गोष्टी-कादंबऱ्या कशाला, असे पालक विचारतात. उदाहरणच घेऊ. मुल्कराज आनंद यांची 'अनटचेबल' ही इंग्रजी कादंबरी १९३५ साली प्रसिद्ध झाली. सफाईकाम करणाऱ्या बखा नावाच्या तरुणाचा एकच दिवस तीत आहे. बाजारात चुकून स्पर्श झाला म्हणून त्याला शिव्या आणि थप्पड खावी लागते. बखा अंगाने दणकट आहे, मनातून संतापलेलाही आहे. तरी तो हात उचलत नाही. का?

'तो भित्रा होता', असे एखादा विद्यार्थी लिहील. शिक्षकांनी लगेच चूक म्हणू नये. 'पानावर दाखव', एवढेच म्हणावे. विद्यार्थी पुन्हा वाचतो. भोवती जमलेली गर्दी त्याला दिसते, लहानपणापासून अंगवळणी पडलेले दबून राहणे दिसते. मग तो आपले विधान स्वतःच दुरुस्त करतो. गोष्टीचे मोल येथे आहे. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहायला ती शिकवते आणि पुरावा पानावरच ठेवते.

कादंबरीच्या अखेरीस बखासमोर तीन वाटा येतात : मिशनऱ्याचा धर्म, गांधीजींचे भाषण आणि मैला वाहून नेणारे फ्लशचे यंत्र. निकाल लेखकाने दिलेला नाही. तो विद्यार्थ्याने लिहावा. 'यंत्र पुरेसे आहे' असे कोणी म्हटले, तर हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा का करावा लागला, याचे उत्तर त्याला द्यावे लागेल. येथे एक सावधगिरी हवी. गोष्ट माणूस समजावते, समाजाची आकडेवारी देत नाही. तिच्यासाठी अहवाल आणि कायदेच वाचले पाहिजेत.

पद्धत सोपी आहे. एक पान, एक प्रश्न, दहा ओळी. चर्चा आधी मराठीत खुशाल व्हावी. विचार जुळला की इंग्रजी वाक्ये छोटी आणि साधी ठेवावीत. शेवटी शेजारच्या विद्यार्थ्याने एक आक्षेप लिहावा आणि मूळ लिहिणाऱ्याने त्याला उत्तर द्यावे. चुकलेले स्पेलिंग त्यानंतर तपासावे.

विद्यार्थी मित्रहो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, मुलाखत असो की अन्यायाविरुद्धची तक्रार, तेथे तुमची बाजू मांडायला दुसरे कोणी येणार नाही. सभासद बंधुभगिनींना विनंती, आठवड्यातून एक तास आपल्या वस्तीतल्या मुलांसोबत बसा. इंग्रजी अस्खलित नसले तरी चालेल. 'हे कशावरून?' एवढे विचारता आले, तरी पुष्कळ झाले.