शिकवणाऱ्याचे शिकणे

शिरूर तालुक्यातील निमोणे किंवा घोडकाठच्या तशाच एखाद्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवा शिक्षक रुजू होतो, तेव्हा त्याच्यापाशी पदविका असते, पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्र असते आणि कोरी करकरीत टाचणवही असते. पहिल्या पंधरवड्यातच त्याच्या ध्यानात येते की, पाठ टाचणाप्रमाणे पुढे सरकतो आहे, मुले मात्र जागच्या जागीच आहेत. त्यात ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की परजिल्ह्यातून आलेल्या टोळ्यांची काही मुले वर्गाच्या दाराशी येऊन बसतात. ती किती दिवस टिकतील, याचा भरवसा नसतो. एखादीच्या कडेवर धाकटे भावंड असते. तिला कोणत्या धड्यापासून शिकवावे, हा प्रश्न पदविकेच्या परीक्षेत कोणी विचारलेला नसतो.

अध्यापनाची कला खरी सुरू होते ती येथून. आणि तिला वर्षे नव्हे, दशके लागतात. प्रशिक्षणसंस्थांना हे रुचणार नाही, पण ज्यांनी ही कला हस्तगत केली त्यांची चरित्रे हेच सांगतात. त्यासाठी फार लांब जावयास नको. निमोण्याहून दक्षिणेस भीमा उतरावी, दौंड तालुका ओलांडावा, की मोरगाव लागते. अनुताई वाघ यांचा जन्म तेथला, 1910 सालचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यातून वाट काढून त्यांनी व्हर्नाक्युलर फायनल आणि अध्यापनाचे प्रशिक्षण पुरे केले, 1929 पासून खेड्यात शिकवले, मग पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे काढली. दिवसा शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, असा तो क्रम होता.

रूढ अर्थाने त्या मुरलेल्या शिक्षिका झाल्या होत्या. अशा वेळी, 1945 साली, वयाच्या पस्तिशीत त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली आणि समुद्रकाठच्या बोर्डीला त्यांनी नव्याने उमेदवारी सुरू केली. ताराबाईही त्या वेळी पन्नाशी उलटलेल्या. गिजुभाई बधेका या वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गृहस्थांबरोबर त्यांनी भावनगरला काम केलेले; 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तिच्यातही त्या अग्रभागी. माँटेसरी पद्धतीचा एवढा अनुभव गाठीशी असूनही बोर्डीच्या गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येईनात. पुस्तकी शिक्षकाने येथे पालकांच्या अनास्थेवर ठपका ठेवला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून त्या वस्त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातून आला. केंद्र सरकारने 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि तोच शब्द देशभर झाला.

पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांनी त्यांना आणखी शिकवले. माँटेसरीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, यातून कुरणशाळा निघाली. थोरली बहीण धाकट्याला सोडून येऊ शकत नाही, तर त्यालाही सोबत येऊ द्यावे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आली, ती विकासवाडी. यातली एकही गोष्ट कोणा तज्ज्ञाने वरून सुचविलेली नव्हती. दरवेळी आधी एक फसलेला वर्ग होता, आणि त्या फसण्याचे कारण मुलांत न शोधता आपल्या पद्धतीत शोधण्याची तयारी होती. हीच तयारी दुर्मीळ. अनुताई पदवीधर झाल्या त्या 1961 मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत त्या मुलांतच होत्या.

सर्वांना ताराबाई किंवा अनुताई होता येणार नाही, हे उघड आहे. परंतु फसलेल्या वर्गाविषयी मोकळेपणाने बोलण्याची मुभा तरी आजच्या शिक्षकाला आहे काय? त्याची पारख होते ती भरलेल्या नमुन्यांवरून, अपलोड केलेल्या छायाचित्रांवरून आणि निकालाच्या टक्क्यांवरून. ‘हा पाठ मला जमला नाही’ असे लेखी देणारा शिक्षक शहाणा मानला जाणार नाही. शेजारच्या शाळांनी गट करून एकमेकांकडून शिकावे, ही शाळासमूहाची कल्पना कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालातच मांडली होती. महाराष्ट्रात केंद्रशाळा आल्या, शिक्षण परिषदा होऊ लागल्या. मात्र अनेकदा तेथे अनुभवाऐवजी परिपत्रकांचेच वाचन चालते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला 50 तास सांगितले आहेत. ते तास पडद्यावरील व्याख्यान ऐकण्यात जाणार, की शेजारच्या वर्गात मागे बसून दुसऱ्याचे शिकवणे पाहण्यात, यावर सारे अवलंबून आहे.

अनुभवी शिक्षकाचे मोल शासन जाणत नाही, असेही नाही. 2023 मध्ये निवृत्त शिक्षकांना मानधनावर पुन्हा घेण्याचा निर्णय झाला. पण तो रिक्त जागा भरण्यासाठी. तीस-पस्तीस वर्षे पहिलीला वाचायला शिकविलेल्या गुरुजींना वा बाईंना, नव्या शिक्षकाच्या वर्गात वर्षभर बसा, त्याला काय जमत नाही ते त्याच्याबरोबर पाहा, असे कोणी सांगितले नाही. कोणते मूल कोठे अडखळते, जोडाक्षरापाशी थांबलेला पोरगा कशाने पुढे सरकतो, आठ महिन्यांनी परतलेल्या मुलीला कोठून उचलावे, याचा साठा त्यांच्यापाशी असतो. तो कोणत्याही सेवापुस्तकात नोंदला जात नाही.

अठ्ठावन्न पुरी झाली की शाळेच्या पटांगणात निरोपसमारंभ होतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गावर नवा शिक्षक येतो, आणि हंगामाचे दिवस असतील तर दाराशी तीच कडेवर भावंड घेतलेली मुलगी उभी असते.