गल्ल्यावरून उठून आगरदांड्याच्या धक्क्यावर

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीकडे जाणाऱ्या जंगल जेट्टीची वाट पाहत उभे राहिले की घाई करून काही उपयोग नाही, हे लवकरच कळते. बोट पलीकडे असेल तर ती येईपर्यंत थांबावेच लागते. एखादा मोटारवाला दोन-चार वेळा हॉर्न वाजवतो, मग त्यालाच त्याचा कंटाळा येतो आणि तो खाली उतरून राजपुरी खाडीचे पाणी पाहत बसतो. व्यापारी माणसाला हे थांबणे फार जड जाते. पहिल्या खेपेला मीसुद्धा दहा मिनिटांत चार वेळा मोबाईल काढून पाहिला होता.

मी मुरूडला लोखंडी सामान आणि हत्यारांचे दुकान चालवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, घरांचे पत्रे उडाले. त्यानंतर खिळे, हुक, पत्रे यांना एवढी मागणी होती की फजरनंतर उघडलेले शटर इशा झाल्यावरच खाली यायचे. कोरोनाचे दिवस, त्यात माल वेळेवर मिळत नव्हता, उधारी वाढत होती. लोकांची गरज होती आणि आपली रोजीही होती, म्हणून कोणी थांबले नाही. ती गरज संपल्यावरही माझे शटर मात्र त्याच वेळी उघडत आणि बंद होत राहिले. सवयच लागली.

मग एके दिवशी एका वृद्ध गवंडी चाचांना मी दोनशे रुपयांच्या थकलेल्या उधारीवरून, त्यांच्या नातवासमोर, नको ते बोललो. चाचा काही न बोलता पैसे ठेवून गेले. तीस वर्षांचे गिऱ्हाईक! त्या रात्री खतावणी उघडली, पण आकडे डोक्यात शिरेनात. झोप होऊनही थकवा जात नव्हता. गिऱ्हाईक आले की आनंद होण्याऐवजी राग येत होता.

याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर माणूस करपतो, तळाला लागलेल्या दुधासारखा. वरून दूध पांढरेच दिसते, वास मात्र सगळ्या भांड्याला लागतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेवर लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ती आपल्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत नोंदवली, परंतु आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. गवंडी चाचांचा प्रसंग यातल्या दुसऱ्या लक्षणात बरोबर बसतो.

नोकरदाराला रजा मागता येते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली आणि त्याचबरोबर, त्या वेळी जेथे दहा किंवा अधिक कामगार होते तेथे, कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती देणे बंधनकारक केले. चांगलेच केले. पण मालकाला सुटी कोण देणार? आणि ज्याच्याकडे एकही नोकर नाही अशा लहान दुकानदाराला, तुकड्यावर काम करणाऱ्या कारागिराला? जुमाच्या अजानीनंतर व्यवहार सोडून नमाजकडे धाव घेण्याचा हुकूम आपल्याला आहे, आणि नमाजनंतर पुन्हा रोजी शोधायची परवानगीही आहे. आपण परवानगीच तेवढी ध्यानात ठेवली.

थांबण्याची सर्वांत मोठी मिसाल इमाम गझालींची. बगदादच्या निजामिया मदरशाचे ते प्रमुख उस्ताद होते. १०९५ साली त्यांची वाचाच बंद झाली. शिकवायला उभे राहत, पण शब्द फुटत नसे. अन्न पचेना, हकिमांनी हात टेकले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांचा पेच दीनचा होता, माझ्यासारखा उधारीचा नव्हे; तरीही एक गोष्ट व्यापाऱ्यांनी पाहण्याजोगी आहे. निघताना त्यांनी मुलाबाळांच्या उदरनिर्वाहापुरते ठेवले आणि बाकीचे वाटून टाकले. म्हणजे घर वाऱ्यावर सोडले नाही. दमास्कस, जेरुसलेम, मक्का असे फिरले आणि अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, निशापूरला पुन्हा शिकवू लागले. मधल्या काळात लिहिलेल्या ‘इह्या’मध्ये कमाई आणि व्यापाराच्या रीतींवर एक संपूर्ण भाग आहे.

एवढे दूर जायचे नसेल तर आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागच्या पुढे किहीमला जावे. पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) हे सुलेमानी बोहरा कुटुंबातले. ब्रह्मदेशात तव्हॉयला घरच्यांच्या खाणी व लाकडाच्या धंद्यात ते होते. तो धंदा बुडाला. मुंबईच्या म्युझियममध्ये नोकरी मिळाली, पुढे जर्मनीत शिकून १९३० मध्ये परत आले तर पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली. ते करपलेले नव्हते, बेकार होते, हा फरक मान्य. पण हाती वेळ असताना त्यांनी काय केले? पत्नी तहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले आणि सुगरणीची घरटी पाहत बसले.

आपण त्या पाखराला ‘सुगरण’ म्हणतो, पण विणकाम करतो तो नर. गवताच्या, भाताच्या पातींच्या चिरट्या काढून अर्धे घरटे विणतो. माद्या येऊन पारखतात. पसंत पडले तर तो ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे विणायला घेतो. एका नराची अशी अनेक घरटी आणि अनेक जोडीदारिणी असतात, हे त्यांनी तेथे टिपले आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले. फर्निचरच्या कारागिरांना हा सारा व्यवहार ओळखीचा वाटेल!

त्यांना मोटारसायकलींचाही भारी शौक. १९५० साली आपली सनबीम गाडी बोटीने युरोपात नेऊन स्वीडनमध्ये उप्सालाच्या पक्षीशास्त्र परिषदेला ते तीवरूनच गेले.

माझ्याकडे स्कूटर आहे. एका गुरुवारी दुपारी शटर ओढले, कोणाला काही न सांगता निघालो आणि खोकरीच्या घुमटांवरून आगरदांड्याला पोहोचलो. महिन्यातून दोन गुरुवार हा क्रम आता पडला आहे. कधी दिघीला उतरून दिवेआगरपर्यंत, कधी उलट दिशेला काशीद, कोर्लई, साळावचा पूल. कोठे जायचे ते निघताना ठरवत नाही. दुकानाचे नुकसान म्हणाल तर दोन महिने वहीत लिहून ठेवले. ठेकेदार आदल्या दिवशी फोन करून माल नेऊ लागले. सुटे गिऱ्हाईक काही गेले, ते खरे. फळांच्या हातगाडीवाल्याला हा हिशेब लागू पडणार नाही, त्याची दुपार म्हणजे त्याची चूल.

उरलेल्या वेळी रेहल करतो. एकाच फळीतून, बिजागरी आणि खिळा न वापरता, मधोमध एकमेकांत अडकणारे दात कोरायचे आणि फळी जाडीत दोन्ही टोकांकडून चिरायची, की ती कैचीसारखी उघडते. जन्मभर बिजागऱ्या विकणाऱ्याने बिजागरीशिवाय काही करावे, यावर सुतार मित्र हसले. पहिल्या दोन फळ्या दातांतच तुटल्या. तिसरी उघडली. विकायची नाही, ऑर्डर नाही, तारीख नाही. तास-दीड तास हात लाकडावर असतो तेव्हा उधारी आठवत नाही, एवढे मी अनुभवाने सांगतो. सुतारबांधव म्हणतील, आम्ही दिवसभर हेच करतो. त्यांनी मग लाकूड सोडून दुसरे काही धरावे.

मात्र महिनोन्महिने झोप उडाली असेल, छातीत दुखत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर स्कूटर काढू नये, डॉक्टर गाठावा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, आणि नाव विचारतील म्हणून घाबरायचे कारण नाही.

गवंडी चाचांकडे मी माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला, मग रेहल उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘भाई, दात सैल आहेत.’’ चौथी करायला घेतली आहे.

एक व्यावहारिक सूचना. दिघीला उतरणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावरच विचारून घ्यावी. मी एकदा विचारली नाही आणि म्हसळ्याकडून खाडीला वळसा घालून घरी पोहोचेपर्यंत इशाची जमात कधीच उरकली होती.