शिळी प्रसाधने : ठेवावीत का, टाकावीत कोठे?

लग्नसराईला किंवा सणाला आणलेली स्नो-पावडर, ओठांची लाली, नखांचा रंग, काजळाची डबी या वस्तू पूर्ण संपल्या असे घर विरळाच. उरलेले कपाटाच्या खणात जाते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहते. पैसे मोजून आणलेली वस्तू टाकवत नाही, हे आम्ही जाणतो. शेतकऱ्याच्या घरी काटकसर हा गुणच आहे. परंतु मागल्या सालचे बियाणे पेरण्यापूर्वी आपण त्याची उगवण पाहतो, मुदत संपलेली लस जनावराला टोचू देत नाही. मग तोंडाला व डोळ्याला लावायच्या वस्तूची तेवढीही चौकशी करू नये काय?

प्रथम खण रिकामा करावा आणि एकेक वस्तू उजेडात पाहावी. वेष्टनावर मुदतीची तारीख असते. काही डब्यांवर उघड्या झाकणाच्या बरणीचे लहानसे चित्र असते व त्यात ६ किंवा १२ असा आकडा असतो. झाकण उघडल्यापासून तितकेच महिने ती वस्तू वापरावी, असा त्याचा अर्थ. पापण्यांना लावायचा पातळ रंग तीन ते सहा महिन्यांत टाकावा. पाणी असलेल्या क्रीमचा भरवसा साधारण वर्षभराचा. कोरडी पावडर त्याहून अधिक टिकते. वास बदललेला, तेल सुटलेले, रंग पालटलेला दिसला तर तारखेची वाट पाहू नये. डोळे आले असताना वापरलेले काजळ तर बरे वाटताच टाकून द्यावे, नाहीतर तीच साथ पुन्हा घरात येते. सुकलेल्या काजळात पाणी किंवा थुंकी घालून ते ओले करण्याची सवय मोडावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गोरे करण्याची हमी देणारी, बनविणाऱ्याचे नाव-पत्ता नसलेली किंवा परदेशातून कोणीतरी आणून दिलेली मलमे खणात असतील तर ती त्याच दिवशी बंद करावीत. अशा काही मलमांत पारा असतो. तो त्वचेतून अंगात शिरतो व मूत्रपिंडे बिघडवतो. उघड्या डबीतून त्याची वाफही निघते, म्हणून घरातील लहान मुलांनाही धोका असतो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या विकाराच्या अनेक रुग्णांमागे अशीच मलमे आढळली. पायावर सूज, लघवीला फेस ही लक्षणे दिसल्यास मलमाची डबी बरोबर घेऊनच डॉक्टरकडे जावे. मलम वेळीच सुटले तर बरेच रुग्ण सुधारतात. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतर प्रसाधनांत दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा असू नये, असे आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांनी ठरविले. तरी चोरट्या मालाला नियम कोण विचारतो?

मग ही डबी टाकावी कोठे? गावात उत्तर ठरलेले असते: उकिरड्यावर, ओढ्यात नाहीतर चुलीत. ही तिन्ही ठिकाणे चुकीची आहेत. उकिरड्यावरचे शेण कुजते, पण ट्यूब, प्लॅस्टिक, चमकी व आरशाच्या काचा कुजत नाहीत. खताबरोबर त्या शेतात पसरतात, अनवाणी पायात रुततात, गुरांच्या पोटात जातात. पारा हे मूलद्रव्य आहे. तो कुजत नाही की जळून नाहीसा होत नाही. जाळल्यास हवेत उडतो, पाण्यात टाकल्यास गाळात बसून माशांत उतरतो. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने मासे विषारी झाले व ते खाणाऱ्यांना भयंकर आजार जडला. १९५६ साली तो उघडकीस आला. एका डबीने एवढा अनर्थ होत नाही, हे खरे. पण विहीर आणि ओढा साऱ्या गावाचा असतो, आणि डब्या प्रत्येक घरात असतात.

म्हणून पुढीलप्रमाणे करावे.

१. पाऱ्याचा संशय असलेली डबी घट्ट झाकून पिशवीत बांधावी आणि घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी.

२. नखांचा रंग व तो पुसण्याचे द्रव भडकन पेट घेतात. बाटली बंद करून चुलीपासून दूर ठेवावी व तीही वेगळी द्यावी. फवाऱ्याचे डबे भोसकू नयेत, आगीत टाकू नयेत, ते फुटतात.

३. साधे क्रीम किंवा लाली जुन्या कागदाने पुसून काढावी आणि तो कागद सुक्या कचऱ्यात टाकावा. बाटली नंतर धुऊन भंगारवाल्याला द्यावी.

४. फुटका आरसा जाड कागदात गुंडाळून, आत काच आहे हे सांगून द्यावा.

५. रिकाम्या बाटलीत कीटकनाशक किंवा औषध कधीही भरू नये. मुलांना ती ओळखीची बाटली वाटते.

घातक कचरा वेगळा घेणारी गाडी गावात येत नसेल, तर या वस्तू एका पत्र्याच्या डब्यात मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात आणि तालुक्याला जाणाऱ्याने नगरपालिकेत विचारून तेथे द्याव्यात. चार-पाच घरांनी मिळून पंचायतीकडे मागणी केल्यास गावातच सोय होऊ शकेल.

शेवटी एक गोष्ट. अर्धी वापरलेली लाली किंवा शंकेचे मलम शेतावर येणाऱ्या मजूरबाईला देऊन टाकणे, हे दान नव्हे. जे आपल्या मुलीच्या तोंडाला आपण लावू देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलीला देऊ नये. न उघडलेली, मुदतीतली वस्तू असेल तर खुशाल द्यावी. पुढच्या खेपेला लहान डबी घ्यावी, झाकण उघडताच तिच्यावर तारीख लिहावी; म्हणजे टाकायला फारसे काही उरणारच नाही.