निळा वृक्षकोळी

मुरारराव घोरपड्यांच्या गुत्तीचे नाव मराठी माणसास इतिहासातून परिचित आहे. याच गुत्तीचे नाव प्राणिशास्त्रात एका विषारी कोळ्याशी जोडले गेले आहे. १८९९ साली रेजिनाल्ड पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तेथे सापडलेल्या एकाच नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. पुढे शंभर वर्षे तो कोणास आढळला नाही. २००१ साली तो पुन्हा दिसला, पण गुत्तीस नव्हे. तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, पूर्व घाटात नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या अरण्यात. पहिला नमुना लाकडांबरोबर आगगाडीतून गुत्तीस पोचला असावा, असा तर्क आहे.

हा कोळी हवेत चक्राकार जाळे विणीत नाही. जुन्या वृक्षाच्या ढोलीत रेशमी तंतूंचे अस्तर लावून तो दिवसभर दडून राहतो आणि रात्री बाहेर येऊन किड्यांवर झडप घालतो. त्याच्या अंगावरील मोहक निळाई ही रंगद्रव्याची नव्हे. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होतो, त्यातून ती उमटते. मादी दहा-बारा वर्षे जगते. नराचे आयुष्य मात्र तीन-चार वर्षांचेच.

त्याचा दंश तीव्र वेदना देतो. स्नायूंना पेटके येतात आणि ते कधी कधी अनेक दिवस टिकतात, म्हणून दंश झाल्यास वैद्यकीय उपचार घ्यावेत हे उत्तम. तथापि या दंशाने मनुष्य दगावल्याची नोंद नाही. शिवाय हा जीव मुळात लाजरा. पळून जाण्यास वाव असेल तर तो पळतोच.

मनुष्यास त्याच्यापासून जेवढे भय आहे, त्याहून कितीतरी अधिक भय त्यास मनुष्यापासून आहे. त्याचे ज्ञात वसतिस्थान शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान. सरपण व इमारती लाकूड यांसाठी जुने वृक्ष तुटले की ढोली जातात आणि ढोलीबरोबर त्याचे घरही जाते. त्यातच निळाईच्या मोहाने परदेशी हौशी लोक तो पाळू लागले. २००८ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्यास अतिसंकटग्रस्त ठरविले आणि २०१९ साली त्याच्या संपूर्ण कुळीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

निर्बंधांनी व्यापारास आळा बसेल. पण पोखरलेला, वठलेला वृक्ष निरुपयोगी नसतो, हे जोवर आपल्या ध्यानी येत नाही, तोवर या कोळ्याचे घर सुरक्षित नाही.