बिनवाद्यांची मैफल



यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाचा शेवटचा पाऊण तास स्टेजवर ना तबला होता, ना पेटी, ना कीबोर्ड. नुसती चौदा मुलंमुली अर्धगोल करून उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी आम्हाला हळूच विचारलं, "यांची वाद्यं अजून गाडीतच राहिली का?" पाच मिनिटांनी तेच आजोबा मांडीवर ठेका धरून बसले होते.

त्यानंतर बऱ्याच सभासदांचे फोन आले. हा ग्रुप कुठून आणला, पैसे किती दिले, घरच्या लग्नात बोलावता येईल का? सगळ्यांना एकदमच उत्तर द्यावं म्हणून हा लेखप्रपंच. आमच्या चुकाही यात आल्याच.

या प्रकाराला 'अ कपेला' म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ चॅपलच्या पद्धतीने, म्हणजे वाद्यांशिवाय गाणं. अमेरिकन विद्यापीठांत ही परंपरा जुनी आहे. येलचा 'व्हिफेनपूफ्स' हा ग्रुप १९०९ सालचा. आपल्या मुलांनी त्यात हिंदी गाणी आणली ती १९९६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, 'पेन मसाला' या ग्रुपने. २००९ साली ओबामांच्या व्हाइट हाउसमधल्या दिवाळीत ते गायले आणि २०१५ च्या 'पिच परफेक्ट २' या चित्रपटातही दिसले. आता अनेक विद्यापीठांत असे देशी ग्रुप आहेत.

खरं तर आपल्याला हे परकं नाही. जात्यावरच्या ओवीला कुठे पेटी लागत होती? फरक इतकाच, की आपल्याकडे भोंडल्याच्या फेरात सगळ्याजणी एकच चाल म्हणतात. इथे एकजण मुख्य गाणं गातो, एकजण खालच्या पट्टीत बेस धरतो, एकजण तोंडानेच तबला आणि ड्रम वाजवतो आणि बाकीचे मधल्या जागा भरतात. गाण्यामधल्या बासरीच्या किंवा सतारीच्या तुकड्यासाठीही कुणाचा तरी गळा लागतो. हे सगळं आधी कुणीतरी बसून बांधावं लागतं.

आता पैशांचं. कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिलं वाक्य आलं ते असं, "आपल्याच लोकांची मुलं आहेत, छान जेवण घालू, पैसे कशाला?" तशी ईमेल जवळजवळ गेलीच होती. खजिनदारांनी थांबवलं. भारतातून आलेल्या कलाकारांना मानधन, हॉटेल आणि विमानाच्या तिकिटातला वाटा आपण दरवेळी मुकाट्याने देतो, मग दोन तास गाडी चालवून येणाऱ्या, आठवड्यातून तीनदा तालीम करणाऱ्या मुलांशीच घासाघीस का, असं त्यांनी विचारलं. आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं. शेवटी आठशे डॉलर्स, पेट्रोलचा खर्च आणि जेवण असं ठरलं. हे पैसे मुलांच्या खिशात जात नाहीत, ग्रुपच्या रेकॉर्डिंगला आणि प्रवासाला लागतात, हे आम्हाला नंतर कळलं. पण ते खिशात गेले असते तरी देणं तेवढंच रास्त होतं.

तारखेचंही नीट समजून घ्या. आम्हाला आधी हा कार्यक्रम गणपतीत करायचा होता. मुलांनी नम्रपणे नकार दिला आणि आम्ही जरा रागावलो. कारण साधं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरात कॉलेज नुकतं सुरू झालेलं असतं, जुने गायक पास होऊन गेलेले असतात आणि नव्यांच्या चाचण्या चालू असतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा आणि एप्रिलअखेर ते मेचे पहिले दिवस परीक्षांचे. म्हणजे दिवाळी किंवा गुढीपाडवा हेच बरे.

सगळ्यात मोठी चूक माईकची, आणि ती सर्वस्वी आमची. वाद्यं नाहीत म्हणजे तीन माईक पुरे, असा आमचा हिशेब. प्रत्यक्षात वाद्यं नाहीत म्हणूनच प्रत्येक आवाज नीट ऐकू यावा लागतो. मुख्य गायकाला, बेसला आणि तोंडाने ताल धरणाऱ्याला वेगळा माईक हवा, बाकीच्यांसाठी स्टँडवरचे वेगळे. शिवाय त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला एखादा स्पीकर हवाच, नाहीतर त्यांना एकमेकांचे सूर ऐकू येत नाहीत. त्यात आपली भाषणं लांबली आणि साउंड चेकची वेळ संपली. पहिल्या दोन गाण्यांत बेस ऐकूच आला नाही. तिसऱ्याच्या आधी मुलांनी स्वतःच माईक फिरवून घेतले. एका शब्दानेही तक्रार केली नाही, याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं.

आणि मराठी गाणं. त्यांच्या यादीत हिंदी आणि इंग्रजी गाणी होती, मराठी एकही नव्हतं. आम्ही आठ आठवडे आधी एक जुनं भावगीत सुचवलं. ग्रुपमध्ये एकच मराठी मुलगा. त्याला मराठी समजतं, बोलता फारसं येत नाही. त्याने साताऱ्याच्या आजीला फोन लावून शब्द लिहून घेतले. मग तेरा जणांना 'ळ' शिकवण्याची पाळी त्याच्यावर आली. त्यात तेलुगू, पंजाबी, गुजराती अशी सगळी मुलं. तो सांगत होता की तेलुगू मुलीला 'ळ' पहिल्याच दिवशी आला, आणि त्याला स्वतःला यायला मात्र आठवडा लागला.

ते गाणं सुरू झालं तेव्हा नेहमी कॉरिडॉरमध्ये फोन घेऊन बसणारी आपली दहावी-बारावीतली पोरं दारात येऊन उभी राहिली. जेवणाच्या वेळी दोघीजणी त्या मुलाला निवडचाचणीबद्दल विचारत होत्या. त्यांच्या आयांनी हे आम्हाला नंतर चहा घेताना सांगितलं.

पुढच्या दिवाळीसाठी गाणं आतापासूनच ठरवायचं आहे. चार मिनिटांच्या आत बसणारं, ध्रुवपद सगळ्यांना बरोबर म्हणता येईल असं सुचवा. नाट्यगीतवाल्यांनी कृपया दमानं घ्यावं, ताना बांधायला त्यांना एक वर्षही पुरणार नाही. चिठ्ठ्या वार्षिक सभेआधी सेक्रेटरींकडे द्या. आणि त्या रात्री चौघा-चौघांची झोपण्याची सोय करू शकतील अशी चार घरंही हवी आहेत. या वेळी मुलं रात्री बारा वाजता गाडी चालवत परत गेली, ते पुन्हा नको.